शिवसागराची दोन टोकं: सातारा ते सांगली, पाण्यासोबत एक दिवस

(पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी आवरली आहेत.)

हेडफोन लावले असतील तर आज आपण गाडी काढतोय. बसमध्ये, हॉस्टेलवर, भांडी घासताना, कुठेही ऐकत असाल तरी चालेल, सीट सगळ्यांना आहे.

आजचा विषय कोयना. म्हणजे शिवसागर जलाशय. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी बामणोलीचे रील्स पाहिलेत. निळं पाणी, हिरवे डोंगर, बोटीच्या टोकावर हात पसरून उभा असलेला एखादा मित्र. आणि सांगली-मिरज-पलूसकडच्या मंडळींना कोयना वेगळ्याच कारणाने माहीत आहे. ऑगस्ट उजाडला की आपल्याकडे घराघरात एकच प्रश्न असतो, "कोयनेतनं किती सोडलं?" क्युसेक हा शब्द सांगलीतल्या पोराला शाळेत शिकवावा लागत नाही. मी सांगलीचा, त्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो.

तर यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठरवलं, की एका दिवसात हे तळं दोन्ही टोकांनी बघायचं आणि मग त्याच्या पाण्याबरोबर घरी यायचं. सातारा, कास, बामणोली, परत सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कराड, सांगली. गाडी साधारण तीनशे किलोमीटर पळते. थकवा येतो, पण एका दिवसात होतं. आज रूट सांगतो, टाइम सांगतो, आणि मधेमधे या पाण्याची गोष्ट सांगतो. कारण गोष्ट माहीत नसेल तर ते नुसतं निळं पाणी आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बरेच जण विचारतात, "तळ्याला गोल फेरी मारता येते का?" नाही येत. पश्चिमेच्या काठावर सगळं जंगल आहे, कोयना अभयारण्य, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिकडून गाडीरस्ता नाही आणि नसलेलाच बरा. बामणोलीपासून धरणाची भिंत सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटरवर असेल. पण गाडीने जायचं तर साताऱ्याला परत या, हायवेने खाली उतरा आणि पाटणवरून आत शिरा. सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातं. म्हणून हा दिवस दोन तुकड्यांत करायचा.

पहिला तुकडा: सातारा, कास, बामणोली

साताऱ्यातून सकाळी सहाला निघा. पेट्रोल शहरातच टाकी भरून घ्या आणि ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, कारण कासच्या पुढे नेटवर्क स्वतःच्या मर्जीने येतं-जातं. यवतेश्वरचा घाट चढलात की डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना दरी उघडते. फुलांच्या हंगामात कासच्या पठारावर आत जायचं असेल तर आधी ऑनलाइन बुकिंग करून ठेवा. पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, पश्चिम घाटाच्या यादीतून. कोयना आणि चांदोली पण त्याच यादीत आहेत. पुढे कास तलाव लागतो. सातारा शहराला पाणी देणारा हा तलावही माणसानेच केलेला. म्हणजे दिवसातलं पहिलं मानवनिर्मित तळं तुम्ही नाश्त्याआधीच बघता.

कास ओलांडल्यावर रस्ता उतरायला लागतो, आणि एका वळणावर खाली एकदम शिवसागर दिसतो. इथं गाडी बाजूला घ्या, पण वळणावर नको, थोडी पुढे जागा आहे. बघताना एक गोष्ट लक्षात येते. ह्या तळ्याचा आकार तळ्यासारखा नाहीच. त्याला बोटं आहेत. एक इकडे शिरलंय, एक तिकडे. कारण ते मुळात तळं नाही, ती एक भरलेली दरी आहे. कोयना, सोळशी, कांदाटी या नद्यांची खोरी पाण्याखाली एक झालीत. ज्या डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरल्यासारख्या दिसतात, त्या खाली तशाच पुढे गेल्यात. वरून दिसतो तो फक्त पाण्यावरचा भाग.

हीच जुनी जावळी. १६५६ साली शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून घेतली ती जावळी. शत्रूला आत शिरायला भीती वाटावी असं हे खोरं होतं. आता त्याच्या तळाशी बोटींचं इंजिन वाजतं.

बामणोलीत सव्वाआठच्या सुमाराला पोचता येतं. वासोट्याला जाणारे ट्रेकर इथूनच वन विभागाची परवानगी काढून बोटीने पलीकडे जातात. वासोटा करायचा असेल तर तो अख्खा दिवस खातो, म्हणून आज नाही. आज तासाभराची बोट घ्या. लाइफ जॅकेट घाला, फोटोत जाड दिसलात तरी घाला.

आमचे बोटवाले काका पन्नाशीच्या पुढचे. इंजिन सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुठनं आलाय?"

म्हटलं, "सांगली."

"सांगली व्हय! मग आमचंच पाणी पिताय की."

म्हटलं, "पितो काका. आणि कधीकधी त्यातच बुडतो."

काका हसले. म्हणाले, "मग जमलं. आमीबी त्यातच बुडालोय."

आणि हाताने एका सोंडेच्या खालचं पाणी दाखवलं. "आज्याचं गाव तितं हुतं." नाव सांगितलं त्यांनी, पण मॅपवर शोधलंत तर त्या जागी निळा रंग आहे.

धरण कसं आलं

आता थोडं मागे जाऊ. कोयना महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णाही तिथलीच. पण कृष्णा पूर्वेला निघून जाते आणि कोयना सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर, सरळ दक्षिणेला वाहते. साठ-पासष्ट किलोमीटर तशीच जाते, आणि हेळवाकजवळ एकदम काटकोनात पूर्वेला वळते. हे वळण इंजिनिअर लोकांच्या डोळ्यात फार आधी भरलं होतं. कारण काय, तर नदी वाहते डोंगराच्या माथ्यालगत, आणि पलीकडे डोंगर संपला की कोकण साडेचारशे मीटरहून जास्त खाली आहे. मधे फक्त सह्याद्रीची भिंत. भिंतीला बोगदा पाडला की पाणी पलीकडे कोसळणार, आणि कोसळणारं पाणी म्हणजे वीज.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी या खोऱ्याची पाहणी केली होती, पण पैशाच्या अडचणीने ते बारगळलं. स्वातंत्र्यानंतर सरकारने ते हातात घेतलं. १९५० च्या दशकात काम सुरू झालं. १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज यायला लागली. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. मुंबईच्या गिरण्या, ठाण्या-पुण्याचे कारखाने, सगळ्यांना वीज हवी होती. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते यासाठी. पुढे टप्पे वाढत गेले, आणि आज सगळे मिळून सुमारे १९६० मेगावॉटची क्षमता आहे. त्यातले १००० मेगावॉट एकट्या चौथ्या टप्प्याचे.

या चौथ्या टप्प्याची एक भारी गोष्ट आहे. धरण भरलेलं, आणि त्याच्या तळातून नवीन बोगद्याला पाणी द्यायचंय. तळं रिकामं करणं शक्य नाही. मग केलं काय, तर जमिनीखालून बोगदा खणत खणत तळ्याच्या तळाखाली आणला, वर खडकाचं शेवटचं बूच ठेवलं, आणि ते स्फोटाने उडवलं. याला लेक टॅपिंग म्हणतात. नॉर्वेत वापरली जाणारी पद्धत. १३ मार्च १९९९ ला कोयनेत झालं. २०१२ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा केलं. भरलेल्या टाकीला खालून नळ बसवण्याचाच प्रकार, फक्त टाकी शंभर टीएमसीची.

आणि गावं कुठे गेली

या भाग्यरेषेखाली शंभराहून जास्त गावं गेली. हजारो कुटुंबं उठली. काहींना साताऱ्यातच जागा मिळाली, काहींना सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पाठवलं. विचार करा, पिढ्यान्‌पिढ्या धो धो पावसात भात-नाचणी पिकवलेला माणूस, आणि त्याला जमीन मिळते जिथे पाऊस वाट बघून येतो. बोटवाल्या काकांच्या घरातले काही जण तसे देशावर गेले. "म्हातारा म्हणायचा, जिमीन मिळाली, पाऊस न्हाई मिळाला," असं ते म्हणाले.

अजून एक तारीख बघा. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला १९७६ साली. कोयनेत पाणी अडून तोवर दशक उलटून गेलं होतं. म्हणजे ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं, त्यांच्या वेळी कायदाच नव्हता. जे झालं ते सरकारी आदेशांवर आणि आश्वासनांवर. म्हणूनच कोयना धरणग्रस्तांची आंदोलनं इतकी वर्षं चालू राहिली. श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर यांच्यासोबत धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या मांडून बसलेले तुम्ही बातम्यांत पाहिले असतील. त्यात पहिल्या पिढीच्या नातवंडांचेही अर्ज आहेत.

आणि काही लोक लांब गेलेच नाहीत. पाणी चढलं तसे तेही डोंगरावर चढले, वरच घरं बांधली. पुढे १९८५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं आणि नंतर व्याघ्र प्रकल्प आला. जंगलासाठी चांगलंच झालं, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण त्यातल्या काही गावांना परत उठायची वेळ आली. एकदा पाण्यासाठी, एकदा वाघासाठी. एकाच घराण्याने दोनदा सामान बांधलं.

जे राहिले त्यांच्यातले कितीतरी पुरुष मुंबईला गेले. जावळी आणि पाटण तालुक्यातला माणूस आणि मुंबईतला माथाडी, हे नातं जुनं आहे. धरणाच्या आधीपासून होतं, कारण खोऱ्यात शेती थोडी. पण धरणाने उरलीसुरली सुपीक जमीन घेतली. मशीद बंदरच्या गोदामात कोयनेच्या विजेचा दिवा, आणि त्याच्या उजेडात पाठीवर पोतं घेतलेला कोयनेचा माणूस. मला हे चित्र डोक्यातून जात नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला जुन्या बांधांच्या रेषा दिसतात, घरांची जोती दिसतात. लोक उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. म्हणजे दरवर्षी काही महिने जमीन परत भेटते, आणि पावसाळ्यात परत जाते.

बामणोलीतून दहाच्या आत निघा. काठावर जेवण घरगुती मिळतं, पण आज आपल्याला पळायचंय. पिठलं-भाकरीची ऑर्डर आधी दिलीत तर बांधून घेऊन निघता येतं.

दुसरा तुकडा: पाटण, कोयनानगर

सव्वाअकराला साताऱ्यात, तिथून हायवेने कोल्हापूरच्या दिशेला. उंब्रजला उजवीकडे वळा. मल्हारपेठला कराड-पाटण रस्ता मिळतो, आणि तिथून कोयना तुमच्या सोबतीला येते. इथली कोयना बघा, शांत, दोन्ही बाजूंना ऊस. वर धरणात जे अडलंय त्यातलं मोजून सोडलेलं पाणी आहे हे.

पाटणला डोंगरावर पवनचक्क्या दिसतात, वनकुसवडे पठाराच्या. एकाच तालुक्यात वाऱ्याची वीज आणि पाण्याची वीज. जेवण पाटणमध्ये करून घ्या. अडीचच्या सुमाराला कोयनानगर.

धरणाच्या भिंतीवर असंच जाता येत नाही, परवानगी लागते, आणि सुरक्षेमुळे जिथे फोटो काढू नका असा बोर्ड आहे तिथे खरंच काढू नका. ड्रोन तर बॅगेतून बाहेरच काढू नका. नेहरू उद्यानातून भिंत छान दिसते. उंची पायापासून १०३ मीटर, लांबी आठशे मीटरच्या वर, मधे सहा वक्र दरवाजे. साठा १०५.२५ टीएमसी.

टीएमसी म्हणजे काय ते एकदा समजून घेऊ, आयुष्यभर कामाला येतं. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. लिटरमध्ये सुमारे २८३२ कोटी. आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरच्या थोडं वर. आता गणित: १ लाख क्युसेकने पाणी चोवीस तास वाहिलं, तर ८.६४ टीएमसी जातं. आणि पायथ्याच्या वीजगृहाची दोन युनिट चालली की २१०० क्युसेक नदीत येतं, म्हणजे दिवसाला जेमतेम ०.१८ टीएमसी. पुढच्या पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर "कोयनेतून २१०० क्युसेक सोडले, सावधान!!!" असा मेसेज फिरला की घाबरायचं किती हे तुम्हाला कळेल.

पहाटे चार एकवीस

कोयनानगरला गेलात आणि भूकंपाचं नाव नाही काढलं असं होत नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. गाव झोपेत होतं. तीव्रता ६.३ च्या आसपास. कोयनानगरची घरं पडली, सुमारे १८० माणसं गेली, दीड हजारांवर जखमी झाली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण धरण टिकलं. नंतर ते मजबूत केलं गेलं.

त्याआधी दख्खनचा हा दगड म्हणजे अगदी स्थिर असं मानलं जायचं. कोयनेने ते पुस्तक बदललं. धरणात पाणी साठल्यावर छोटे धक्के वाढले होते. शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की खाली खडकात ताण आधीपासून होता, आणि जलाशयाचं वजन व भेगांतून खोल मुरणाऱ्या पाण्याचा दाब यांनी त्याला निमित्त दिलं. जलाशयामुळे चालना मिळालेला जगातला सगळ्यात मोठा भूकंप म्हणून आजही कोयनेचंच नाव घेतात. आणि धक्के थांबलेले नाहीत, लहान लहान येतच असतात, बहुतेक एकाच छोट्या पट्ट्यात. म्हणून तर भूकंप जिथे होतो तिथेच जाऊन बघू, असं ठरवून पाटण तालुक्यात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं. त्यासाठी कराडला संशोधन प्रयोगशाळा आहे. तुमच्यापैकी कुणी जिओफिजिक्स करत असेल तर जगातली एक महत्त्वाची लॅब तुमच्या घराशेजारी आहे, हे ध्यानात ठेवा.

चहाच्या टपरीवर मावशींना विचारलं, "भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "तीनचा आला तर आम्ही कूस पण बदलत न्हाई." पण मग कप विसळता विसळता म्हणाल्या, "सासूबाई मात्र शेवटपर्यंत दाराला कडी न लावता झोपायच्या."

वेळ असेल तर नवजाच्या बाजूला ओझर्डे धबधबा आहे, ऑक्टोबरमध्येही पाणी असतं. वाट चालू आहे का ते आधी गावात विचारा, पावसाने इथल्या वाटा बिघडतात.

एक थेंब, दोन समुद्र

आता या सगळ्या प्रवासातली माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोयनानगरला उभे राहा आणि विचार करा, की समोरच्या पाण्यातला एक थेंब कुठे जाणार आहे.

त्याला दोन वाटा आहेत. नवजाजवळून तो बोगद्यात शिरला, तर सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला कोसळणार, टर्बाइन फिरवणार, कोळकेवाडीच्या धरणात थांबणार, परत वीज करणार आणि वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्रात जाणार. साठेक किलोमीटरवर समुद्र. खेळ खल्लास. आणि तोच थेंब भिंतीच्या पायथ्यातून बाहेर पडला, तर कराड, सांगली, मग कर्नाटक, पुढे तेलंगणा, आंध्र, आणि हजारभर किलोमीटरनंतर बंगालचा उपसागर. वाटेत तो पिणार कोण, ऊस कुणाचा, भांडण कुणाचं, ते सगळं वेगळं.

कुठल्या वाटेने किती, हे निसर्ग ठरवत नाही. लवाद ठरवतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, कोयनेतून पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसी वळवायची मर्यादा घालून दिली. तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं, ३१ मेला संपतं. उरतं ते पूर्वेला. वीजवाल्यांची बाजूही खरी आहे. कोळशाचं केंद्र पेटवायला तास न्‌ तास लागतात, पाण्याची जनित्रं काही मिनिटांत सुरू होतात. संध्याकाळी सात वाजता सगळ्या महाराष्ट्राने एकदम दिवे, टीव्ही, एसी लावले की कोयना धावून येते. आणि आटपाडी, जत, कवठेमहांकाळची बाजूही खरी आहे. पाऊस कमी झाला की त्यांच्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप कोयनेतून सुटलेल्या पाण्याकडेच बघतात. अशा वर्षी वीज आधी की पाणी आधी यावरून भांडण ठरलेलं. बैठका होतात, निवेदनं दिली जातात, एकमेकांवर टीका होते.

गंमत बघा, या टेबलावर मुंबई आहे, उद्योग आहेत, साखर कारखाने आहेत, सांगली आहे, सातारा आहे, शेजारची राज्यं आहेत. ज्यांच्या अंगणात हे पाणी उभं आहे, त्यांची खुर्ची मात्र कायम दाराजवळची.

कराड आणि घर

साडेचारला कोयनानगर सोडा. हेळवाकला नदी वळते ते बघा, आणि आपणही तिच्याबरोबर वळा. हा रस्ता गुहागर-विजयपूर महामार्ग. कोकणातून येतो, पाटण-कराड करत विटा-जतकडे, दुष्काळी पट्ट्यात जातो. रस्ता पाण्याच्याच मागे चाललाय असं वाटतं.

सूर्यास्ताला कराडला प्रीतिसंगमावर पोचाल. महाबळेश्वरला एकाच डोंगरावरून निघालेल्या दोन बहिणी इथे समोरासमोर येऊन भेटतात. नद्या सहसा बाजूने येऊन मिळतात, या समोरून येतात. इथे यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. कोयनेची पहिली वीज आली तेव्हा ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्म देवराष्ट्रेचा, आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा साताऱ्यात होतं. सांगली जिल्हाच मुळात १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणून ओळखला जायचा. सातारकर आणि सांगलीकर पाण्यावरून भांडतात तेव्हा हे आठवून मला हसू येतं. भाऊबंदकीच आहे ही, सरळ सरळ.

कराडहून मी हायवे सोडून किर्लोस्करवाडी, पलूस, भिलवडी असा आलो. इथून पुढे पूर आठवल्याशिवाय रस्ता सरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. याच पट्ट्यात ब्रह्मनाळला पुरातून सुटका करणारी बोट उलटली आणि १७ जण गेले. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, "कोयनेने बुडवलं." कोयनेतून पाणी सुटत होतं हे खरंच आहे. पण धरणाच्या खाली जो पाऊस पडतो त्याला दरवाजे नसतात. वारणा हरिपूरला येऊन मिळते, खाली पंचगंगा आहे, पूररेषेत आपणच बांधलेल्या सोसायट्या आहेत. एकट्या कोयनेला दोषी धरलं की बाकीचे सुटतात. आणि उलट बाजूने, धरण भरायच्या घाईत पुरासाठी किती जागा मोकळी ठेवायची, हा प्रश्न विचारला नाही तरी कुणीतरी सुटतंच. तो प्रश्न जुलैत विचारायचा असतो. ऑगस्टमध्ये विचारून फक्त ओरडता येतं.

जाणार असाल तर

पटकन कामाच्या गोष्टी. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला, तळं भरलेलं आणि आभाळ मोकळं. मे महिन्यात गेलात तर तळं खाली असेल, पण जुन्या बांधांच्या रेषा दिसतील, तेही बघण्यासारखं आहे. भर पावसात कोयनानगरची बाजू धुक्यात असते, अनुभव नसेल तर गाडी नेऊ नका. रोख पैसे ठेवा. बोट, जेवण, चहा, सगळं तिथल्याच माणसांकडून घ्या, आणि घासाघीस जरा बेताने करा. प्लास्टिक परत आणा, कारण तळ्यात टाकलेली बाटली एक तर कोकणात जाईल, नाही तर सांगलीत तुमच्या घरी.

आणि एक गृहपाठ. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गावाच्या नावापुढे "पुनर्वसित" असं लिहिलेलं असेल. कोयना असेल, चांदोली असेल, धोम, कण्हेर असेल. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना एकदा विचारा, धरणाआधी आपलं गाव कुठे होतं, शेजारी कोण होतं, ग्रामदैवत कुठलं, यात्रा कधी भरायची. फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. गावाची जागा पाण्याखाली गेली, पण नावं अजून त्यांच्या तोंडात आहेत, आणि ती सांगायला त्यांना कुणीतरी विचारावं लागतं.

तुमची रेकॉर्डिंग आम्हाला पाठवलीत आणि घरच्यांची परवानगी असेल, तर त्यावर एक पूर्ण भाग करू. तोवर गाडी हळू चालवा. भेटू पुढच्या भागात.